मधल्या बर्नरचा स्क्रू

आमच्या नाटक मंडळीत तिला सगळे टाचणी म्हणायचे. एक तर अंगाने ती तशीच होती, आणि तिच्या ओठांत सदैव दोन-चार टाचण्या धरलेल्या असायच्या. कपडेपट तिच्याकडे. राण्यांचे झगे, शिपायांचे कोट, म्हाताऱ्यांच्या दाढ्या, सगळ्यांची ती एकटी मालकीण. टाचण्या ओठांत धरूनच ती बोलायची, त्यामुळे तिचे शब्द अर्धे बाहेर आणि अर्धे आत राहायचे. मंडळीत नवा नट आला की त्याला वाटायचं, बाई रागावलीय. रागावलेली नसायची, घाबरलेली असायची.

इतका घाबरट जीव मी दुसरा पाहिला नाही. रंगमंचावर खरी मेणबत्ती असली की ही विंगेत ओलं पोतं घेऊन उभी. कोणाचा पदर दिव्याजवळून गेला की ही पोतं पुढे करून तयार. प्रयोग संपला, पडदा पडला, टाळ्या वाजल्या, की आम्ही नटमंडळी हवेत. आणि ही बापडी जमिनीवर हात फिरवत एखादी पडलेली टाचणी शोधत असायची. का, तर कुणाच्या पायात जाईल. आम्ही तिची चेष्टा करायचो. पण सांगते, इतक्या वर्षांच्या दौऱ्यांत आमच्यातला एकही जण भाजला नाही की कुणाच्या पायात टाचणी गेली नाही. ती आमच्या वाटणीची भीती बाळगायची, म्हणून आम्ही बिनधास्त.

एका नाटकात पहिला अंक संपताना मी राणी असायचे आणि दिवे परत लागेपर्यंत मला भिकारीण व्हायचं असे. मध्ये नुसता काळोख. मी धावत विंगेत शिरायचे आणि त्या काळोखात दोन हात माझी वाट बघत असायचे. पाठीवरचे हुक सटासट सुटायचे, झगा गळून पडायचा, चिंध्या अंगावर चढायच्या, मुकुट जाऊन डोक्यावर फडकं यायचं, आणि कानाशी टाचण्यांमधून आवाज यायचा, "जा!" त्या वेळचा तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पण तिची बोटं मी हजारांत ओळखेन. बटण कोणतं, हुक कोणता, बंद कुठल्या बाजूचा, तिच्या बोटांना सगळं पाठ होतं. "माझे डोळे बोटांच्या टोकाला आहेत, राणीसाहेब," असं ती म्हणायची. मला ती आजही राणीसाहेबच म्हणते, बहुतेक वेळा टोमणा मारायला.

पुढे मंडळी बंद पडली. टाचणीचा नवरा आमचाच आचारी; साऱ्या कंपनीला दौऱ्यावर गरम जेवण घालणारा देवमाणूस. तो गेला. मुलाने बापाचा झारा उचलला आणि सुनेच्या जोडीने एक लहानशी खाणावळ काढली. मी त्यांच्यापासून एका गल्लीच्या अंतरावर राहते. दुपारी मला करमत नाही, म्हणून मी तिथे जाऊन बसते, चहा पिते आणि गिऱ्हाइकांना न विचारता जुने किस्से ऐकवते. मुलगा म्हणतो, "मावशी, तुमच्यामुळे लोक जास्त वेळ बसतात." सून म्हणते, "आणि जास्त वेळ काही मागवत नाहीत." दोघांचंही खरं आहे.

खाणावळीच्या मागे फरशी घातलेलं अंगण आहे. तिथे संध्याकाळी टेबलं मांडतात. भिंतीला पाठ लावून एक मोठी गॅसशेगडी उभी असते. सगळी स्टीलची, पेटीसारखी, वर जड झाकण. मुलगा तिला ग्रिल म्हणतो. आमच्या पिढीला ग्रिल म्हटलं की खिडकीचे गज आठवतात, म्हणून आम्ही दोघी तिला शेगडीच म्हणतो. तिच्या पोटात नळीसारखे लांब तीन बर्नर, त्यावर जाळी, आणि जाळीवर कणसं, बटाटे, मासे, कोंबडी. त्या शेगडीची सगळी निगा टाचणीकडे. रोज सकाळी जाळी काढायची, बर्नर बाहेर घ्यायचे, त्यांची बारीक भोकं तिच्याच त्या जुन्या टाचण्यांनी मोकळी करायची, सांडलेली चरबी खरवडायची, बर्नर परत बसवून स्क्रू आवळायचे. संध्याकाळी सून पेटवते आणि ही भाजायला उभी राहते. नवरा गेल्यावर जी बाई कोपऱ्यात बसून राहायची, तिला त्या शेगडीने परत उभं केलं होतं.

आणि नेमके तिचे डोळे जायला लागले.

मला कळलं ते असं. मी न्हाणीघरात घसरून पडले आणि कपाळावर ही एवढी पट्टी घेऊन खाणावळीत गेले. मुलाने विचारलं, सुनेने विचारलं, पाणी पुरवणाऱ्या माणसाने विचारलं. टाचणी मात्र हवापाण्याच्या गप्पा मारत बसली. शेवटी मीच म्हटलं, "अगं, माझं डोकं फुटलंय, तुला विचारावंसंही वाटू नये?"  मग तिचा हात माझ्या चेहऱ्याकडे आला, हनुवटीवरून गालावर, गालावरून कपाळावर, आणि पट्टीवर थांबला. 

"कडा दिसतात गं," ती हळूच म्हणाली. "मधलं पुसल्यासारखं झालंय. तुझे कान दिसतात. तोंड नाही."

"डॉक्टर?"

"नाही. आणि तू बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

तिच्या वडिलांचं असंच झालं होतं. डोळे गेले, तेव्हा घरच्यांनी मोठ्या प्रेमाने त्यांना खुर्चीत बसवलं. उठायला लागले की सगळे धावायचे: बसा, बसा, काय हवं ते आम्ही देतो. हळूहळू त्यांनी मागणंही सोडलं. "एकदा खुर्चीत बसवलं ना, की माणूस खुर्चीच होतो," ती म्हणाली. "लोक त्यावर टॉवेल वाळत घालतात." हे सांगताना ती हसली. मेणबत्तीला भ्यायची, आगीला भ्यायची. आता त्या खुर्चीला ती सगळ्यांत जास्त भीत होती. मी तिला डॉक्टरकडे चल म्हणून पुष्कळदा सांगितलं. ती दर वेळी शपथेची आठवण करून द्यायची.

मग तो दिवस आला.

त्या सकाळी मी लवकरच गेले होते. मुलगा बाजाराला गेलेला, सून आत भाज्या चिरत होती. टाचणी अंगणात शेगडीपुढे उकिडवी बसली होती. बाजूचे दोन बर्नर स्वच्छ होऊन जागेवर बसलेले. मधला मात्र आतच, आणि तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर. तिच्या चेहऱ्याला रंग म्हणून नव्हता.

"राणीसाहेब, इकडे ये. आवाज करू नकोस."

झालं होतं असं, की मधल्या बर्नरचा मागचा स्क्रू मुलाने आदल्याच दिवशी, तिला न सांगता, बदलला होता. आधीच्या स्क्रूच्या डोक्यावर अधिकाची खूण असे. या नव्याच्या डोक्यात सहा कोनांचं भोक होतं. त्याला वेगळी वाकडी किल्ली लागते. जळक्या चरबीने ते भोक भरलेलं. हिने सवयीने बोट फिरवलं, बोटाला वाटलं तोच जुना आहे, आणि तिने नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात घालून सगळा जोर लावला. सहाचे सहा कोन खरवडून निघाले. आता ते भोक एखाद्या गुळगुळीत वाटीसारखं दिसत होतं, कशालाच धरत नव्हतं.

"माझ्या बोटांनी मला दगा दिला गं," ती म्हणाली. "कधी नाही तो."

"अगं, स्क्रू आहे. मुलाला सांग, आल्यावर काढेल."

"आणि तो विचारेल, आई, सहा कोन दिसले नाहीत का? मग काय सांगू?"

 बाई मोठी जिद्दीची. तिने शिलाई मशीनचं तेल आणून स्क्रूभोवती सोडलं, थोडा वेळ दम धरला. मग लोखंड कापायच्या करवतीचं नुसतं पातं फडक्यात धरून स्क्रूच्या डोक्यावर आडवी खाच पाडायला लागली. किस... किस... प्रत्येक आवाजाला ती स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवायची. मी दाराशी पहारा देत होते. आयुष्यात पहारेकऱ्याची भूमिका मला कधी कोणी दिली नाही, आणि का दिली नाही ते त्या दिवशी कळलं. दारापेक्षा मी तिच्या हाताकडेच जास्त बघत होते.

आतून सुनेचा आवाज आला. "अहो आई, काय किसताय?"

"जाळीला चिकटलंय गं!"

"मी येऊ?"

"नको, नको! तू कांदा बघ!"

खाच पडली. तिने त्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर बसवला, वर हळूच दोन ठोके मारले आणि पिळला. कुरकुरत, कुरकुरत स्क्रू निघाला. तिने तो तळहातावर घेतला तेव्हा मला वाटलं, संपलं. सुटलो. मी आपली मनात टाळ्या वाजवून मोकळी. पण स्क्रूचे आटे पाहिले तर मधले सगळे घासून सपाट झालेले. तो परत लावण्यात अर्थ नव्हता. तसाच दुसरा हवा होता, आणि तोही मुलगा यायच्या आत.

हार्डवेअरचं दुकान रस्त्याच्या टोकाला. दुकानदार मुलाचा मित्र, भला गडी, पण जीभ सुटलेली. दुकानाच्या पायरीवर रंगाचा डबा ठेवला होता. टाचणीचा पाय त्याला लागला.

"अहो मावशी, दिसत नाही का?" तो हसत म्हणाला.

आपण दिवसातून किती वेळा हे म्हणतो! पण टाचणी जागच्या जागी थिजली. मीच पुढे झाले. "तुझा डबा वाटेत, आणि दिसत नाही म्हणे आम्हाला! म्हाताऱ्या बायकांना पाडायचा धंदा काढलायस का?"

"चुकलं, चुकलं मावशी. काय देऊ?"

"स्टीलचा स्क्रू. शेगडीच्या बर्नरचा."

"जुना आणलाय? दाखवा."

तो तिच्या मुठीत होता. मूठ उघडली नाही. त्या स्क्रूच्या डोक्यावर करवतीची खाच होती, खरवडलेले कोन होते. बघताक्षणी तो म्हणाला असता, हे काय केलंत, आणि संध्याकाळपर्यंत मुलाला ते मीठमसाला लावून सांगितलं असतं. "नाही आणला," ती म्हणाली. "तू ट्रे दे. मी बघते."

त्याने स्क्रूंचा ट्रे पुढे सरकवला. तिने मुठीतला स्क्रू दोन बोटांत लपवून दुसऱ्या हाताने ट्रेमधले एकेक चाचपायला सुरुवात केली. लांबी तीच. जाडी तीच. मी जवळ सरकून कुजबुजले, "अगं, दाखव त्याला." तिने कोपराने मला ढोसलं. आट्यांवर तिचं बोट बराच वेळ फिरलं. पण जुन्याचे आटेच उरले नव्हते, तर बोटाने जुळवायचं कशाशी?

"हा दे," ती म्हणाली.

दुकानदाराने स्क्रू कागदात बांधताना सहज सांगितलं, "मावशी, स्टीलमध्ये स्टील जातंय, तेव्हा हळू फिरवा. थोडं तेल लावा. जोर केला की एकमेकाला खातात. आणि तो नीट बसला पाहिजे बरं का. बर्नरचं पुढचं तोंड गॅसच्या नळीवर नुसतं सरकवलेलं असतं, त्याला जागेवर धरून ठेवतो तो मागचा एक स्क्रू. तो सुटला की बर्नर मागे सरकतो, आणि गॅस बर्नरमध्ये न जाता खाली पेटीत भरतो. मग ठिणगी पडली तर..." त्याने दोन्ही हात हवेत फेकले. "भुवया तरी जातातच."

 परत येताना माझा हात टाचणीने इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

तिने स्क्रू लावला. मी शेजारी उभी होते. तेलाचं बोट लावलं, भोकात ठेवला, फिरवला. दोन-तीन वळसे गेला आणि अडला. तिने जोर लावला. कर्र आवाज झाला, आणि मग तो एकदम हलका फिरायला लागला. फिरतच राहिला. वरून बघाल तर चकचकीत डोकं अगदी टेकलेलं. पण आत स्क्रू ज्यात बसतो, त्या नटाचे आटे गेले होते. खरं तर आणखी बारीक आट्यांचा स्क्रू हवा होता.

"बसला?" मी विचारलं.

"बसला," ती म्हणाली.

मी जन्मभर रंगमंचावर खोटं खरं म्हणून सांगितलं आहे. दुसऱ्याचं खोटं मला लांबून ऐकू येतं. "टाचणे, माझ्याकडे बघून सांग."

"बघून काय, तुझं तोंडच दिसत नाही मला." मग तिचा आवाज खाली आला. "फिरतोय गं. धरत नाहीये. पण ऐक. आज मधला लावायचाच नाही. बाजूचे दोन पुरतात. मी पोराला सांगते, मधला तुंबलाय. उद्या आपण दोघी दुसऱ्या दुकानात जाऊ. एका संध्याकाळचा प्रश्न आहे."

मला ते पटलं असं नाही. पण बाजूचे दोन बर्नर खरोखरच ठीक होते, मधला नळ बंदच राहणार होता, आणि मी तिला बजावलं, "मधल्याला कोणी हात लावला, तर मी शपथ मोडणार." ती म्हणाली, "तेव्हा मोड." असं आमचं ठरलं. मुलगा आल्यावर तिने त्याला मधला तुंबल्याचं सांगितलंही. तो हिशेबाच्या घाईत "हं, हं" म्हणाला. त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे.

दुपारभर मी घरी गेले नाही. टाचणी तांदूळ निवडायला बसली, आणि निवडलेले न निवडलेल्यात मिसळत राहिली. थोड्या थोड्या वेळाने उठायची, अंगणात जायची, मधल्या नळाची चकती चाचपून बंद आहे ना ते बघायची. मी म्हटलं, "तो आपोआप नाही उघडणार." ती म्हणाली, "माहीत आहे." आणि परत उठली.

दिवस कलला तसा एका कारखान्यातल्या लोकांचा घोळका आला. कुणीतरी निवृत्त होत होतं, त्याची मेजवानी. अंगण भरलं. टेबलं कमी पडली, आतल्या खुर्च्या बाहेर आल्या. मुलगा आतून ओरडला, "सगळे बर्नर लाव गं, आज दोनावर भागणार नाही!"

"मधला तुंबलाय!" टाचणी ओरडली. पण अंगणात तेवढ्यात निवृत्त होणाऱ्या गृहस्थांना हार घातला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत तिचा आवाज बुडाला.

सून शेगडीपाशी आली. हसतमुख, चपळ पोर; आगीशी खेळायला जन्मली असावी अशी बेफिकीर. झाकण उघडायच्या आधीच तिने मधला नळ फिरवला, कारण नेहमी तोच आधी पेटायचा आणि त्यावरून बाजूचे. मग ठिणगीचं बटण दाबलं. टक. पेटलं नाही. टक. पेटलं नाही.

"थांब!" टाचणी म्हणाली. "वारा आहे."

"कुठे वारा, अहो आई? पान हलत नाहीये." टक.

"जाळी पुसायची राहिलीय."

"सकाळी तुम्हीच पुसलीत ना?" टक. टक. "आज काय झालंय हिला?" असं म्हणून सुनेने एका हाताने झाकण वर उचललं आणि आत बघायला वाकली. दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर.

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगते, शब्द फुटेना. जिच्या आवाजाने मागच्या रांगेतली झोपलेली माणसं दचकून जागी व्हायची, त्या माझ्या घशातून नुसती हवा आली. आणि तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला: सूंऽऽऽ. जाळीतून नाही. खालून, पेटीच्या तळातून. टाचणीने तो माझ्या आधी ऐकला होता.

"बटण सोड!" असं ओरडून तिने सुनेचा हात झटकला, मागे ढकललं, आणि स्वतः गुडघ्यांवर पडून शेगडीखाली हात घातला. सिलिंडरचा नळ तिने चाचपून शोधला आणि बंद केला. सूं थांबलं. सून फरशीवर बसली होती, तोंड उघडं टाकून. आसपासच्या टेबलांवरची माणसं वळून बघत होती. मुलगा धावत बाहेर आला.

"काय झालं? आई, काय करतेस तू?"

"स्क्रू धरत नाहीये," ती म्हणाली. "मधला बर्नर सुटलाय. गॅस खाली भरलाय. लांब व्हा सगळे."

"पण सकाळी साफ केलास तेव्हा दिसलं नाही का तुला?"

आला तो प्रश्न. मी पाहिलं, ती तशीच गुडघ्यांवर होती, एक हात अजून सिलिंडरवर. मला वाटलं, आता ती काहीतरी जुळवून सांगेल. सांगू शकली असती. नवा स्क्रू खराब निघाला म्हणाली असती, सगळ्यांना पटलं असतं.

"नाही दिसलं," ती म्हणाली. "मला दिसत नाही, बाळा. बरेच महिने झाले. स्क्रू मीच खराब केला, चुकीचा मीच आणला, आणि मधला तुंबलाय असं खोटंही मीच सांगितलं. तिचं तोंड त्या पेटीत होतं रे." आणि मग ती रडायला लागली, तशी ती माझ्यासमोर नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती.

मुलाने झाकण पूर्ण उघडून ठेवलं, वास विरेपर्यंत सगळ्यांना मागे घेतलं. मग आत हात घालून त्याने एका बोटाने तो स्क्रू फिरवला. तो भिंगरीसारखा फिरला. बर्नरचं तोंड नळीवरून अंगठाभर मागे सरकलेलं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकून खालीच बसला. मेजवानीची माणसं भली होती. आतल्या चुलीवर जे झालं ते खाऊन गेली, जाताना कोणी आवाज चढवला नाही.

अंगण रिकामं झाल्यावर मुलगा म्हणाला, "उद्यापासून शेगडीला हात लावायचा नाहीस." आवाजात राग नव्हता, भीती होती.

"नाही लावणार," टाचणी लगेच म्हणाली, मार चुकवावा तशी.

 सून येऊन सासूच्या शेजारी फरशीवर बसली. "अहो आई, म्हणजे माझा चेहरा...?"

"कडा दिसतात. वेणी दिसते."

"मग मी कशी दिसते ते?"

"लग्नात पाहिली होती ना नीट. माझ्यासाठी तू तशीच आहेस." टाचणीने नाक पुसलं. "नंतर जाडबिड झाली असशील, तर मला काय ठाऊक."

"झालेय थोडी," सून म्हणाली, आणि हसता हसता तिचे दात वाजायला लागले. आत्ता कुठे तिला थंडी भरली होती.

दुसऱ्या दिवशी मुलगा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. मधलं गेलं ते परत यायचं नाही, म्हणाले; कडा मात्र उपचाराने टिकतील, फक्त आधीच यायला हवं होतं. हार्डवेअरवाला स्वतः येऊन बर्नरचा जुना नट काढून नवा बसवून गेला, बारीक आट्यांचा, आणि त्याचा खरा स्क्रू. किल्लीने आवळताना तो मान खाली घालून होता; दुकानातलं ते पायरीचं बोलणं त्याला आठवत असावं.

आणि हो, खुर्ची आली. मुलाने प्रेमाने आणली, हातांची, गादीची. अंगणाच्या दाराशी ठेवली. जिच्या भीतीने टाचणीने एवढा उपद्व्याप केला, त्या खुर्चीत ती आता संध्याकाळी बसते. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा तिच्याकडे बघवेना. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवलेले, रिकामे. बोटं मधूनच आपोआप चाळवायची, हवेतला एखादा हुक शोधल्यासारखी.

बदल झाला तो सुनेत. ती पोर आता घाबरते. झाकण आधी उघडते, बाजूला उभी राहते, हात लांब करून पेटवते. पेटवण्याआधी आत हात घालून तीनही बर्नर हलवून बघते. मला तिचं वाईट वाटतं. ती बेफिकिरी फार गोड होती.

परवा संध्याकाळी मी टाचणीच्या शेजारी स्टूल घेऊन बसले होते. सून शेगडीपाशी गेली. टाचणीने खुर्चीतूनच मान वळवली, कान तिकडे केला.

"मधला हलतोय का?"

"नाही, अहो आई."

"परत बघ."

"बघितला की हो आत्ताच."

"परत."

सुनेने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मग पदर खोचला, पेटीत हात घातला, आणि मधला बर्नर धरून परत एकदा हलवून पाहिला.